बघतंय कोण? घरात पाळणाघर सुरू करताना

दापोलीसारख्या गावात पाळणाघर कशाला लागतं, असं मुंबईच्या नातेवाइकांनी विचारलं होतं. गावात आजी-आजोबा असतातच ना, असा त्यांचा समज. पण इथे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, बँका आहेत, शाळा-कॉलेजं आहेत, उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि या सगळीकडे बदली होऊन आलेल्या बायका आहेत. सासर साताऱ्याला, माहेर नांदेडला, नवरा आणखी तिसरीकडे. २६ आठवड्यांची रजा संपली की बाळ घेऊन करायचं काय? ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असा कायदा २०१७ साली झाला. पण बँकेच्या आमच्याकडच्या शाखेत इनमीन आठ-दहा टाळकी. आणि अंगणवाडीची शाळा तीन वर्षांपुढच्या मुलांची, तीही काही तासांची. सहा महिन्यांच्या बाळाच्या आईची गरज सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहाची असते.

मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनी मिळून घरीच पाळणाघर काढायचं ठरवलं. घर जालगावच्या बाजूला, जांभ्याच्या चिऱ्यांचं, कौलारू. पुढे ओटी, मागे पडवी, परसात विहीर, खाली माड-पोफळीचं आगर. बघायला येणारी प्रत्येक आई म्हणायची, "किती छान मोकळं आहे हो!" मोकळं होतंच. पण दीड वर्षाच्या मुलाच्या उंचीवरून पाहिलं तर त्या मोकळेपणात भीतीच्या जागा खूप होत्या. त्या एकेक करून कशा बंद केल्या आणि त्यापुढे आणखी काय करावं लागलं, ते लिहून ठेवते. कोकणातल्या घरांत असा विचार करणाऱ्या आणखी कुणाला उपयोग होईल.

कागदपत्रांचं आधी उरकते. मोजकीच माणसं कामाला असली तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. ती घेतली. ग्रामपंचायतीत सांगितलं. या कोणत्याही कागदात विहिरीला कठडा आहे का, मुलांना बघणारी माणसं किती, असा रकाना नव्हता. तुमचं घर मुलांसाठी धड आहे का, हे तपासायला आमच्या दारात कुणीच आलं नाही. म्हणजे ती तपासणी आमची आम्हीच करायची होती, आणि मला वाटतं ती सरकारी तपासणीपेक्षा कडकच करायला हवी. मूल दुसऱ्याचं आहे.

पहिली विहीर. जुना कठडा दोन-सव्वादोन फुटांचा, मोठ्या माणसाच्या मांडीला लागेल इतका. शेजारी कपडे धुवायचा धोंडा. तीन वर्षांचं मूल आधी धोंड्यावर चढणार, मग कठड्यावर, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. गवंड्याकडून चिरे लावून कठडा माझ्या छातीपर्यंत उंच करून घेतला आणि धोंडा तिथून हलवून पार न्हाणीघराच्या मागे नेला. वर झाकण म्हणून पत्रा टाकायचा विचार होता, पण सासरे म्हणाले, "पाण्याला ऊन-वारा लागलाच पाहिजे." त्यांचा तो आग्रह होता, आणि पत्र्याचं भय आम्हाला वेगळंच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात इथल्या घरांवरचे पत्रे कसे उडाले ते दापोलीतल्या प्रत्येकाने पाहिलंय. म्हणून लोखंडी जाळी केली, गॅल्वनाइज्ड, कारण आमच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड सडायला वेळ लागत नाही. दोन गजांमधलं अंतर माझ्या मुठीपेक्षा कमी. जाळीला कुलूप, किल्ली सासऱ्यांच्या कनवटीला. रहाट बंद केला, पंपाने पाणी थेट टाकीत. रोज उघडावं लागणारं झाकण एक ना एक दिवस उघडं राहतं; म्हणून ते उघडावंच लागू नये अशी सोय केली.

विहिरीचं सगळ्यांना कळतं. बादलीचं पटवून द्यावं लागतं. नुकतं उभं राहायला लागलेल्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकून बघताना तोल गेला तर त्याला स्वतःला मागे ओढून घेता येत नाही, आणि चार बोटं पाण्यातही नाकातोंड बुडतं. आवाज होत नाही. पाण्यात पडलेलं मूल ओरडतं, हात मारतं, अशी आपली समजूत असते. लहान मुलं बहुतेकदा गुपचूप बुडतात. आता आमच्याकडे दिवसा एकही बादली भरलेली नसते. न्हाणीघरातलं पिंप, गुरांची दोण, पन्हळीखाली लावलेलं घंगाळ, सगळं एकतर रिकामं आणि पालथं, नाहीतर कडी घातलेल्या दारामागे. पावसाळ्यात पन्हळीखाली भांडं ठेवायची सासूबाईंची जन्माची सवय. त्यांनी ती मुलांसाठी सोडली, याचं मला फार अप्रूप आहे.

मग जावेने आणि मी एक दुपार अक्षरशः रांगत घर पालथं घातलं. पडवीतल्या फळीखाली आंबा-काजूवर फवारायची औषधं होती, आणि त्यातलं एक साध्या पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं. बागायत असलेल्या कुठल्याही घरात जा, असंच दिसेल. ती सगळी औषधं, उंदीर मारायची पेस्ट, दिव्याचं रॉकेल एका लोखंडी पेटीत घालून पेटी गोठ्याच्या माळ्यावर टाकली. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत पाणी आणि सरबत यांखेरीज काही ओतायचं नाही, हा नियम घरातल्या गड्यालासुद्धा लागू केला. वाळत घातलेल्या काजूच्या बियांचं तसंच. बी सोललेली नसताना मुलाने चावली तर टरफलातल्या तेलाने ओठ-जीभ भाजून निघते. एप्रिल-मेमध्ये अंगणभर बिया पसरलेल्या असायच्या. आता त्या शेजारच्या काकांच्या खळ्यात वाळतात.

अंगणात खेळायची जागा माडाखाली सावलीत छान झाली असती. पण माडावरून नारळ पडतो, झावळी पडते, आणि पडताना कुणाला विचारत नाही. माडांपासून लांब, आंब्याखाली जागा केली. अंगणाला पूर्वी नुसता गडगा, म्हणजे एकावर एक रचलेल्या दगडांचा बांध, आणि बांबूचं बेडं होतं, ढकललं की उघडणारं. गडग्याच्या दगडांत फुरशासारखा विषारी साप बसतो, विंचू बसतात. म्हणून खेळायच्या जागेभोवती गडगा काढून तारेची जाळी मारली आणि फाटकाला बाहेरच्या अंगाने वर कडी केली. जळाऊ लाकडं, कौलं, चिरे यांचे ढीग घरापासून दूर नेले. बाहेर ठेवलेले मुलांचे बूट झाडल्याशिवाय घालायचे नाहीत.

विंचवाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बाहेरून आलेल्या आयांना त्याची कल्पना नसते. आमच्याकडचा लाल विंचू लहान मुलाच्या जिवावर उठू शकतो. पूर्वी कोकणात मुलं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध यावर वापरून दाखवलं आणि चित्र पालटलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. पण औषध वेळेत मिळालं तरच उपयोग. मूल एकाएकी किंचाळलं, घामाने भिजलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर उतारा, चिंच, मंत्र काही करायचं नाही, थेट रुग्णालय. साप चावला तरी तेच: बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, तो हात किंवा पाय हलू न देता उचलून न्यायचं. रिक्षावाल्या दोघांचे नंबर आणि १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेत. पावसात मोबाइलची रेंज जाते म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवलीत.

हे सगळं झाल्यावर मला वाटलं होतं की घर तयार झालं. घर झालं होतंच. पण जाळ्या आणि कड्या लावून झाल्यावर उरतं ते खरं काम, म्हणजे लक्ष. त्याला गवंडी मिळत नाही.

आपल्या घरांत मूल सगळ्यांचं असतं. सासूबाई ओटीवर, जाऊ माजघरात, मी चुलीपाशी, आणि मूल तिघींच्या मधे. प्रत्येकीला वाटतं, बाकीच्या दोघी आहेत की. भरल्या घरात, लग्नघरात, सत्यनारायणाला मूल हरवतं ते असंच. माणसं कमी असतात म्हणून नाही हरवत, एकीवरही नाव नसतं म्हणून हरवतं. जावेने आणि मी ठरवलं की प्रत्येक मुलावर प्रत्येक क्षणी एकीचंच नाव असेल. मला उठायचं असेल तर "जरा बघ गं" एवढं म्हणून चालत नाही. मी म्हणते, "निळा फ्रॉक आणि दोघं रांगणारी तुझ्याकडे." ती त्यांच्याकडे बघून म्हणते, "तिघं माझ्याकडे." ते ऐकल्याशिवाय मी जागची हलत नाही. सुरुवातीला सासूबाईंना हे पोरखेळ वाटलं. आता त्या स्वतःच विचारतात, "हा कुणाकडे आहे गं?"

गोंधळ होतो तो सांध्यांवर. फाटक वाजतं, दूध उतू जातं, फोन येतो, एक आई मूल घ्यायला येते आणि दारातच दोन गोष्टी बोलत उभी राहते. दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसलेली बाई नेमकी त्या दोन मिनिटांत पाठ फिरवते. म्हणून मुलं असताना गॅसवर काही ठेवायचं नाही. त्यांचं जेवण सकाळी नवाच्या आत करून झाकून ठेवतो. आयांना दारात गप्पा नाहीत, रात्री आठनंतर फोन करा, असं मी सरळ सांगते. एकीला ते लागलं. तिने काही दिवस तोंड फुगवलं, पण तिच्याच मुलासाठी आहे हे तिला कळलं.

जुलैतली एक दुपार सांगते. इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जुलैत. दोन वाजता असं अंधारून आलं की दिवा लावावा लागला, आणि लावला तोच लाइट गेली. कौलांवर पावसाचा एवढा आवाज की शेजारी बसलेल्या जावेचं बोलणं ऐकू येईना. दोघं झोपलेली, चौघं जागी. तेवढ्यात कुरिअरवाला फाटकाशी ओरडायला लागला. मी उठले नाही. जावेने बॅटरी उचलली आणि एकेकाच्या अंगाला हात लावत मोजायला सुरुवात केली: एक, दोन, तीन, चार, पाच. सहावं नव्हतं. ती दोन वर्षांची मुलगी विजेच्या गडगडाटाला घाबरून कपाट आणि भिंत यांच्या फटीत जाऊन बसली होती, गुडघ्यात तोंड खुपसून. पाऊस इतका की तिचं रडणं तीन हातांवर ऐकू येत नव्हतं. सापडायला दहा-पंधरा सेकंद लागले असतील. पण त्या वेळात मागचं दार, न्हाणीघर, फाटक सगळं डोळ्यांपुढून गेलं. दारांना कड्या आहेत हे माहीत होतं म्हणून दोघींचे पाय जागेवर राहिले. कुरिअरवाला पार्सल ओटीवर टाकून गेला, थोडं भिजलं. त्या संध्याकाळी कपाट भिंतीला टेकवून स्क्रूने पक्कं केलं. ते करायचं होतंच, कारण ड्रॉवर ओढून मूल चढलं तर अख्खं कपाट अंगावर येतं.

हात लावून मोजायचं हे तेव्हापासून पक्कं. नुसत्या नजरेने मोजलं तर पळणारं मूल दोनदा मोजलं जातं.

मुलं किती घ्यायची हेही हातांवरूनच ठरवलं. एकदम बाहेर पळावं लागलं, आग म्हणा, साप म्हणा, तर एक बाई एक मूल कमरेवर आणि एक खांद्यावर घेईल, तिसऱ्याचा हात धरेल. म्हणजे दोघींत सहा, आणि त्यांतली वर्षाच्या आतली फार तर दोन. सातव्यासाठी लोक गळ घालतात, ओळखीने, जास्त पैसे देऊन. नाही म्हणताना जीव तुटतो, कारण त्या आईची अडचण खरीच असते. तिला मी दुसरी सोय शोधायला मदत करते, पण सातवं घेत नाही.

घरातल्या माणसांबद्दल बोलणं सगळ्यांत अवघड होतं. जावेचं, माझं, आमच्या दोघींच्या नवऱ्यांचं आणि सासऱ्यांचंही पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र काढलं. सासऱ्यांना सांगताना मी शब्द शोधत होते. म्हटलं, "बाबा, तुमच्यावर विश्वास आहेच. पण ज्या आईने तुम्हाला कधी पाहिलं नाही, तिने कशाच्या जोरावर ठेवावा?" ते थोडा वेळ गप्प बसले आणि आधारकार्ड आणायला आत गेले. लंगोट बदलणं, शी-शू धुणं जाऊ आणि मीच करतो, पडदा असतो पण दार लावत नाही. घरातला कुणीही पुरुष मुलांबरोबर खोलीत एकटा थांबत नाही. लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार बहुतेकदा ओळखीच्या माणसाकडूनच होतात हे आता लपून राहिलेलं नाही. त्यावर २०१२ चा पोक्सो कायदा आहे, १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे. पण कायदा नंतर येतो. गणपतीत चाकरमानी येतात, घरात पंचवीस-तीस माणसं होतात, तेव्हा गौरी-गणपती विसर्जन होईपर्यंत पाळणाघर बंद. हे प्रवेशाच्या वेळीच लिहून देते.

मूल न्यायला कोण येणार याची प्रत्येकाची यादी आहे, फोटोंसकट. एकदा एका मुलाचे आजोबा कोल्हापूरहून अचानक आले. धोतर, टोपी, हातात खाऊची पिशवी. मूल त्यांना बघून "आबा" करत नाचायला लागलं. यादीत नाव नव्हतं आणि आईचा फोन लागत नव्हता. मी त्यांना ओटीवर बसवलं, चहा दिला, आणि म्हटलं, "आबा, फोन लागेपर्यंत बसावं लागेल." ते संतापले. "माझ्या रक्ताचं मूल आहे, तुम्ही कोण मला अडवणार?" ते खरेच आजोबा होते यात मला तसूभरही शंका नव्हती. पण घराघरांत भांडणं असतात, ताब्याचे वाद असतात, ते मूल आनंदाने नाचलं म्हणून मला कळत नाहीत. शेवटी बँकेत निरोप पाठवला, आईचा फोन आला, मगच मूल त्यांच्या हाती दिलं. जाताना ते बोलले नाहीत. सून मात्र दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "ताई, उद्या माझे वडील आले तरी असंच करा."

झोप आणि खाणं यांवरून आज्यांशी वाद होतात, आणि त्या चुकीच्या हेतूने बोलत नाहीत. वर्षाच्या आतलं बाळ आमच्याकडे उताणंच झोपतं, घट्ट सपाट गादीवर, राईच्या उशीशिवाय, जवळ दुपटी-खेळणी काही नाही. तोंडाजवळ मऊ काही आलं तर त्याला ते बाजूला करता येत नाही. झोळी बांधत नाही. झोपलेल्या मुलाजवळ एकजण बसतेच, दर थोड्या वेळाने छातीची हालचाल बघते. वर्षाच्या आत मध चाटवत नाही.

खाण्यात शेंगदाणा, अख्खा काजूगर, चणे, द्राक्ष, उकडलेली आठळी, करवंद बंद. बरक्या फणसाचा गरा तर लहानाला मुळीच देत नाही. बुळबुळीत असतो, चावायच्या आत घशात उतरतो. मुलं बसूनच खातात, हसत-पळत नाही. घास अडकला तर काय करायचं ते गावातल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी बाहुलीवर शिकवलं: वर्षाच्या आतलं बाळ पुढच्या हातावर पालथं, डोकं खाली, खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. मोठ्या मुलाला पाठीवर थापा आणि मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वर झटका. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. जाऊ आणि मी दर महिन्याला बाहुलीवर पुन्हा करतो. घड्याळाचा किंवा खेळण्याचा बटण सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठायचं, कारण तो दोनेक तासांतही अन्ननलिका जाळू शकतो. आम्ही तसले सेल असलेली खेळणीच ठेवत नाही.

कॅमेऱ्याचं बरेच पालक विचारतात. फाटकावर आणि खोलीत लावलाय, पण त्यावर भिस्त ठेवू नका असं मी सांगते. काय झालं ते तो दाखवेल, पडणाऱ्या मुलाला सावरायला मात्र जवळ माणूसच लागतं. त्यापेक्षा न सांगता कधीही या, थेट आत या, बसा. काही जणी खरंच येतात. मला ते आवडतं.

विजेचा धक्का बसताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवून झालाय, प्लगांना झाकणं आहेत, अंगणातलं शेवाळ पावसाळ्यात दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून घासतो. राहिलाय तो माळ्याचा जिना. त्याच्या पायथ्याशी छोटं दार हवंय, आतून मुलाला न उघडणारं. सुताराने शिमग्याच्या आधी देतो म्हणून कबूल केलंय. तोवर तो शिडीवजा जिनाच काढून गोठ्यात ठेवला आहे, आणि वरचं काही लागलं तर मुलं घरी गेल्यावरच लावतो.